चारातलं एक तुम्हाला

पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण नाव वाचलं की निम्मे लोक पुढचं वाचणार नाहीत आणि उरलेले "हा पक्ष अजून आहे व्हय?" असं विचारणार, आणि ते आम्ही दारोदारी पोटभर ऐकून घेतलंय. एवढं सांगते की पक्ष नोंदणीकृत आहे पण मान्यताप्राप्त नाही, ऑफिस म्हणजे सत्तर फूट रोडच्या आतल्या गल्लीत पिठाच्या गिरणीच्या वरची एक खोली, खाली गिरणी चालू झाली की वर मीटिंग बंद. जानेवारी 2026 ची सोलापूर महापालिकेची निवडणूक, 26 प्रभागांत 102 जागा, त्यातल्या एका प्रभागात एका जागेवर आमची एक उमेदवार. संपलं. एवढाच आमचा पसारा.

मी राजकारणातली नाही. झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्यांचे आधार-रेशनकार्ड मला तोंडपाठ. आमच्या उमेदवार, ज्यांना सगळे अक्काच म्हणतात, आयुष्यभर बालवाडी चालवलेली बाई, घरी तेलुगू, बाहेर मराठी, त्या कायम कुणाला ना कुणाला घेऊन दुकानात यायच्या, कुणाचं निराधारचं, कुणाचं लाडक्या बहिणीचं केवायसी अडकलेलं. पैसे स्वतः द्यायच्या, बायकांकडून घेऊ द्यायच्या नाहीत. दिवाळीनंतर एक दिवस म्हणल्या, तू काही भाषण-बिषण करू नको, नुसतं मतदार यादीचं तेवढं बघून दे. त्या "नुसतं यादीचं" मधून मी जी आत गेले ती मतमोजणी झाल्यावरच बाहेर आले. सासूबाई म्हणल्या, पडणाऱ्या माणसाबरोबर फिरलं की आपलंही नाव पडतं. नवरा म्हणला, दुकान कोण बघणार. दोघांचंही बरोबरच होतं म्हणा.

तर यादी. आधीची निवडणूक 2017 च्या फेब्रुवारीत झालेली, मुदत संपली मार्च 2022 ला, त्यानंतर ह्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, नुसते प्रशासक. एवढ्या वर्षांत माणसं मेली, लग्न होऊन गेली, भाड्याची घरं बदलून दुसरीकडं गेली, यादीत मात्र सगळी एकत्र नांदतायत. विधानसभेची यादी असते तीच प्रभागाप्रमाणे फोडतात, आणि फोडताना गल्लीच्या एका अंगाची नावं शेजारच्या प्रभागात जाऊन बसतात. नोव्हेंबरात प्रारूप यादी आली तेव्हा आम्ही पीडीएफ काढून गल्ली गल्ली टिकमार्क करत बसलो. एका इमारतीतली माणसं तिसऱ्याच प्रभागात. हरकतीचे अर्ज भरून दिले, काही सुधारली, काही नाही सुधारली. दुबार नावांसमोर दोन दोन तारे छापून आलेले, ते बघून आमच्या बॅगेतला पोरगा म्हणला (बॅगेतला म्हणजे कायम कॉलेजची बॅग पाठीवर टाकून फिरणारा), "काय बे, ह्यांना फाईव्ह स्टार का दिलं नाय?"

कंटाळवाणं काम आहे हे, पण यादी ज्यानं केली त्यालाच प्रभाग कळतो. कुठल्या घरात सात मतं आहेत, कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे, कुठल्या घराला कुलूप आहे आणि त्या कुलपावर तरीही नऊ मतं आहेत. मोठ्या पक्षांकडं हे सगळं मोबाईल ॲपमध्ये तयार असतं, विकत मिळतं. आमच्याकडं माझं एक्सेल होतं आणि अक्काची आठवण होती, आणि खरं सांगते, अक्काची आठवण जास्त अपडेटेड होती.

उमेदवारी अर्जाचं थोडक्यात सांगते नाहीतर त्यावरच दिवस जाईल. शपथपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, अपत्यांचं घोषणापत्र, निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं, सूचक-अनुमोदक प्रभागातलेच हवेत. मोठ्या पक्षांचे लोक शेवटच्या दिवशी 30 डिसेंबरला एबी फॉर्म (म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र) कुणाला मिळाला कुणाला नाही म्हणून पळत होते, रडत होते, एकमेकांच्या अंगावर जात होते. आम्हाला ती भानगडच नाही, आमचा एबी फॉर्म मागायला दुसरं कोणीच नव्हतं.

भानगड चिन्हाची. मान्यता नाही म्हणजे चिन्ह स्वतःचं नाही. मोकळ्या चिन्हांच्या यादीतून पसंती लिहून द्यायची, माघारीची मुदत गेल्यावर वाटप. म्हणजे 3 जानेवारीला आम्हाला कळणार आपण कोण आहोत, 13 ला संध्याकाळी जाहीर प्रचार बंद, 15 ला मतदान. पत्रकं आधी छापता येत नाहीत, छापली तर चिन्हाची जागा कोरी. कमळ, धनुष्यबाण, हात, घड्याळ ह्यांना जन्मापासून लोक ओळखतात, आम्हाला दहा दिवसात आपली ओळख करून द्यायची. आम्हाला मिळालं शिलाई मशीन. माझी पहिली पसंती ही नव्हती पण मिळालं ते सोन्यासारखं मिळालं, कारण आमच्याकडं शाळेच्या युनिफॉर्मचं शिवणकाम घराघरात, कुणाकडं पायाची, कुणाकडं मोटार लावलेली, एका गल्लीत चालत गेलं की प्रत्येक दारातून टरटर ऐकू येतं. त्या आवाजाकडं बोट दाखवायचं आणि म्हणायचं, अक्काचं चिन्ह हेच. पत्रकच लागत नव्हतं.

आता खरी गोष्ट. चार सदस्यांचा प्रभाग. ज्यांनी कधी ह्यात काम केलं नाही त्यांना हे कळणारच नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका मतदाराला चार मतं. जागा अ, ब, क, ड, प्रत्येकीसाठी वेगळी नावं आणि मशीनवरच्या कागदाचा रंगही वेगळा, अ पांढरा, ब फिका गुलाबी, क फिका पिवळा, ड फिका निळा. चारही ठिकाणी एकेक बटण दाबायचं, कुणीच नको असेल तर त्या त्या यादीत खाली नोटा आहे. चारही झाले की शेवटचा मोठा बीप येतो आणि मत पूर्ण होतं. मोठा पक्ष काय करतो, चौघांचं पॅनल उभं करतो आणि एकच वाक्य सांगतो, आपलं चिन्ह शोधा, चार वेळा दाबा. संपला विषय. आमची अक्का क मध्ये, सर्वसाधारण महिला. म्हणजे आम्हाला सांगावं लागायचं की बाई, पांढऱ्यात तुमच्या मनानं, गुलाबीत तुमच्या मनानं, पिवळ्यात शिलाई मशीन, निळ्यात परत तुमच्या मनानं. हे वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरच्या बाईचं दूध उतू जातं.

म्हणून पोरांनी बुटाच्या खोक्याची मशीन केली. चार रंगाचे कागद चिकटवले, चपटी बटणं म्हणून शर्टाच्या मोठ्या गुंड्या शिवल्या (शिवणवाल्या प्रभागात गुंड्यांना काय तोटा), आत जुन्या दारातली बेल बसवली, पिवळ्या कागदावर शिलाई मशीनचं चित्र, बाकी तीन कागदांवर नुसती "१, २, ३" अशी नावं. म्हाताऱ्यांना हे खोकं एवढं आवडलं की विचारू नका. एक आजोबा, यंत्रमागावर आयुष्य गेलेले, ऐकायला कमी, त्यांनी खोकं मांडीवर घेतलं, गुंडी गुंडी दाबून बघितली, पिवळ्यावर दाबल्यावर बेल वाजली तेव्हा परत दाबली, परत दाबली, मग विचारलं, "बाकीच्याला का वाजत नाय?" आता काय सांगणार. पोरगा म्हणला, "आजोबा, आमच्याकडं एकच बेल होती." ते एवढे हसले. नातवाला हाक मारली, हे बघ म्हणले. पण हे पण लिहिते की त्या घरातून निघताना सुनेनं हळूच सांगितलं, आमचं चार पण तिकडंच आहे, ह्यांना नुसती करमणूक.

हो म्हणणं आणि मत देणं ह्यात केवढं अंतर आहे ते चारच्या प्रभागातच कळतं. एका मताच्या निवडणुकीत माणूस निदान विचार करून हो म्हणतो, कारण तुम्हाला हो म्हणलं की दुसऱ्याला नाही म्हणावं लागतं. इथं प्रत्येकाकडं चार आहेत. "चारातलं एक तुम्हाला की ओ अक्का, त्यात काय!" सगळे देतात. तोंड भरून देतात. सुरुवातीला मी एक्सेलमध्ये अशा घरांपुढं हिरवा रंग भरत होते आणि दोन-तीन संध्याकाळीत अख्खा प्रभाग हिरवागार, नगरसेवक सोडा महापौर होते की काय अक्का असं वाटायला लागलेलं. अक्कानं ते लॅपटॉपवर बघितलं आणि म्हणल्या, "हे सगळं पुस. जे भांडले त्यांची नावं दाखव."

आणि खरंच तसंच निघालं पुढं. ज्यानं दारात उभं करून विचारलं, "निवडून आलात तर एकट्या तुम्ही तिथं करणार काय? सभागृहात कोण ऐकणार तुमचं?", तो माणूस मत द्यायचं का नाही ह्याचा हिशोब करत असतो. ज्यानं बसा म्हणून खुर्ची दिली, चहा दिला, तीळगूळ दिला, मुलाला पाया पडायला लावलं, तो तुम्हाला निरोप देत असतो. अर्थात भांडणारा प्रत्येकजण आपला नसतो, एकानं तर आमच्यावर कुत्रं सोडलं होतं, पण तरी.

"एकट्या काय करणार" ह्या प्रश्नाला अक्काचं उत्तर ठरलेलं. तुमचं पाणी कुणी आणलं नाही हे तर विचारीन की. तेवढं विचारायलाच तिथं कोणी नाहीये.

पाणी. सोलापुरात निवडणूक कुठलीही असू दे, विषय पाणी. उजनी धरण आमच्या जिल्ह्यात, नळाला मात्र चार चार, पाच पाच दिवसांनी. नवीन समांतर जलवाहिनीचं नाव प्रत्येक प्रचारात ऐकत मोठी झालेली पोरं आता स्वतः मतदार आहेत. आम्ही दारात गेलो की अक्का घराप्रमाणे भाषा बदलायच्या, "नीळ्ळु वच्चिनाया?", पुढच्या दारात "नीर यावाग बरतद री?", त्याच्या पुढच्या दारातून चाची स्वतःच ओरडायच्या, "अगे बेटी, वोट का बाद में, नल कब आता वो बोलो पहले!" एका गल्लीत ह्या तिन्ही भाषा आणि चौथी मराठी, आणि चारही भाषांत तक्रार एकच.

मला प्रचाराचं टाईमटेबल करायला दिलेलं तेव्हा मी शहाणपणा करून प्रभागाचे नकाशे छापले, उत्तरेकडून दक्षिणेकडं वगैरे. अक्कानं नकाशा बाजूला ठेवला आणि व्हॉल्व्हवाल्याला फोन लावला, कुठल्या गल्लीला कधी पाणी आहे विचारून घेतलं. ज्या दिवशी गल्लीत पाणी त्या दिवशी तिथं पाऊल टाकायचं नाही. पाईप अंगणात पसरलेला, मोटार चालू, बॅरल, हंडे, कळशा, डबे, पातेली, पोरांच्या पाण्याच्या बाटल्या सुद्धा रांगेत, अशा वेळी तिथं उभं राहून नमस्कार केला तर मत जातंच, वर शिवी मिळते. दुसऱ्या पक्षाची पदयात्रा एकदा नेमकी पाण्याच्या वेळेला शिरली, हलगी-बिलगी सगळं, एका बाईनं पाईप उचलला आणि... मुद्दाम नाही म्हणे, हातातून सुटला. पाण्याच्या दुसऱ्या दिवशी जायचं. धुणं झालेलं असतं, भांडी भरलेली असतात, बाईचा चेहरा मोकळा असतो.

विडी कामगारांच्या गल्लीचं वेगळंच. सकाळी बायका वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यात जातात, त्या द्यायच्या, नवीन पान-तंबाखू घेऊन यायचं, मग दुपारपासून दारात सूप मांडीवर घेऊन बसतात ते रात्रीपर्यंत. पान पत्र्याच्या मापानं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, हे सगळं न बघता. हात थांबत नाहीत कारण हात थांबला की मजुरी थांबली. तिथं उभं राहून बोलणं म्हणजे त्यांच्या डोक्यावर बोलणं. पत्रक दिलं तर घ्यायला हातच मोकळा नाही, कुणीतरी ते सुपाखाली सरकवायचं. अक्का सरळ उंबऱ्यावर बसायच्या, सुपातल्या विड्या उचलून तोंडं दुमडायला लागायच्या. त्यांच्या आईनं आयुष्यभर हेच केलेलं, त्यामुळे बोटांना सवय. बोलणं आपोआप सुरू व्हायचं, राजकारणाचं नाहीच, कुणाची पोर नांदत नाही, कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन, पीएफचे पैसे. मधेच कधीतरी "पिवळा कागद हां" म्हणायच्या. मी पण बसून बघितलं, माझी एक विडी एका मावशीनं सुपातून उचलून बाजूला टाकली आणि म्हणली, "तू फोनवरचं काम कर, पोरी." एका अशा गल्लीला अख्खी दुपार जायची. मोठ्या पक्षाची रिक्षा भोंगा वाजवत तीच गल्ली दोन मिनिटात करून जायची.

पैशाचं लिहायलाच पाहिजे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाकीट बघितलं नाही म्हणून कुणावर बोट दाखवत नाही. पण शेवटच्या आठवड्यात आमची पोरं कमी व्हायला लागली, कारण दुसरीकडं फिरायला हजेरी मिळते, नाष्टा मिळतो, संध्याकाळी जेवण मिळतं. एक पोरगा येऊन प्रामाणिकपणे सांगून गेला, "ताई, दिवसा तिकडं जातो, रात्री यादीचं काम तुमच्याकडं करतो, चालंल का?" चाललं की. त्याच्या घरी कॉलेजची फी भरायची होती. आमच्याकडं रात्री इडली किंवा भजी, तेही गिरणीवाल्या मालकांच्या कृपेनं. आणि दारात बायका स्पष्ट विचारायच्या, "तुम्ही काय देणार?" अक्का म्हणायच्या, काही नाही. मग त्या म्हणायच्या, "मग चारातलं एक तुम्हाला." म्हणजे बाकीच्या तीनाचा बंदोबस्त झालेला असायचा असं आपण समजून घ्यायचं.

त्यात गड्डा. बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते, संक्रांतीला आमच्या सिद्धेश्वराची यात्रा, सात नंदीध्वज, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं, होम मैदानावर पाळणे. सोलापूरकर त्या आठवड्यात दुसरं काही करत नाही. आयोगानं नेमकं त्याच आठवड्यात मतदान ठेवलं. 12 जानेवारीला तर अजूनच, त्या दिवशी 1931 ला आमच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिलेली, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. चार पुतळ्यांपाशी सकाळपासून सगळ्या पक्षांच्या उमेदवारांची हार घालायला रांग, एक हार घालून खाली उतरला की दुसरा त्याच्यावर हार घालतोय, फोटोग्राफर ओरडतायत. अक्का गेल्या, हार नव्हता नेला, हात जोडले, आल्या. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत तर कुठला उमेदवार कुठल्या पक्षाचा ओळखूच येत नव्हता, सगळेच बाराबंदीत. आमच्यातले दोघं नंदीध्वजाच्या काठीला असतात दरवर्षी, ते सांगूनच गेले की तीन दिवस आम्ही पक्षाचे नाही, सिद्धरामाचे आहोत. त्यांना काय बोलणार.

भोगीच्या दिवशी प्रचाराची वेळ संपली. पोरं खोलीवर येऊन आडवी झाली. मी चिठ्ठ्या वाटपाची यादी परत तपासत बसले, कारण निवडणूक आमच्यासारख्यांना जी काही जिंकता येते ती चिठ्ठीवरच, मतदाराचं नाव, अनुक्रमांक, केंद्र, खोली. ज्याला आपलं केंद्र माहीत नाही तो आपल्याला मत देईल हे विसरा.

मतदानाचा दिवस थंडीचा. शंभर मीटरच्या रेषेबाहेर टेबलं. शेजारच्या टेबलांना मंडप, खुर्च्या, पाण्याचे जार, आमचं टेबल म्हणजे माझ्या दुकानातलं, एक पाय हलणारं. पण सांगते, दहा वाजल्यानंतर दुसऱ्या पक्षांच्या टेबलावरची माणसंच आमच्याकडं लोक पाठवायला लागली, "त्या ताईकडं जावा, तिच्याकडं नाव सापडतंय." त्यांच्या ॲपला रेंज नव्हती का माणसं नवीन होती देव जाणे. माझी छापील यादी, गल्लीवार. मी कुणालाच परत पाठवलं नाही, कुणाचा का मतदार असेना. पोरगा चिडला, "आपण त्यांचं काम करलालोय बे ताई!" पण समोर म्हातारा माणूस उभा असताना त्याला खोली नंबर सांगायचा नाही म्हणजे काय.

आत आमच्या पोलिंग एजंटनी सांगितलेल्या गमती. पहिलं बटण दाबून झालं म्हणून बाहेर निघालेले लोक, त्यांना परत बोलावून "अजून तीन राहिले, आजी" म्हणणारे अधिकारी. एक आजी आतून ओरडल्या म्हणे, "बेल वाजंना की!" त्यांनी आमच्या बुटाच्या खोक्याची प्रॅक्टिस केली होती. एजंटला हसता येईना, ओळख दाखवता येईना. बोटाला मार्कर पेनानं शाई, ती पुसली जाते का नाही ह्यावरून दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ फिरत होते. दोन तारेवाल्या नावांकडून हमीपत्र घेत होते, त्यात रांग अडकायची. शेवटच्या तासात यादीत बघितलं तर विडीवाल्या गल्लीतल्या बऱ्याच बायका आल्या नव्हत्या. पोरं पळाली. मावशी म्हणल्या, "एवढं सूप संपू दे, येते." काही आल्या, काही आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोजणी. मी प्रतिनिधी म्हणून टेबलाला बसले होते, जाळीच्या अलीकडं. कंट्रोल युनिटचं बटण दाबतात, जागा अ चे आकडे, ब चे आकडे, तुम्ही कागदावर उतरवत जायचं, वेग एवढा की समोरच्या पक्षाचा एजंट आणि मी एकमेकांच्या कागदावर बघून आकडे भरत होतो. बऱ्याच केंद्रांवर आमचे आकडे वाचून दाखवावे असे नव्हते. हिरव्या रंगाची आठवण झाली. जिथं चहा आणि तीळगूळ मिळाला होता त्या सोसायट्यांच्या केंद्रात आम्ही नोटाच्या मागं होतो, नोटानं पण काही वाईट कामगिरी केली नव्हती म्हणा. आणि मग दोन केंद्रं आली, विडीवाल्यांची आणि शिवणवाल्यांची, तिथं अक्का क मध्ये दुसऱ्या नंबरला, एका ठिकाणी तर पहिल्या नंबरच्या अगदी जवळ. समोरच्या एजंटनं पेन थांबवून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "ह्या बाई कोण ओ?" शहरभर एकाच पक्षाची लाट होती त्या दिवशी, बाहेर गुलालानं रस्ता लाल, आणि माझ्या कागदावर ते दोन आकडे.

अर्थात पडलो. सपशेल. डिपॉझिटचं विचारू नका.

अक्कानं निकाल फोनवर ऐकला, "बरं" म्हणल्या, आणि ते दोन केंद्रांचे आकडे परत एकदा सांग म्हणल्या, लिहून घेतले. संध्याकाळी त्या दोन्ही गल्ल्यांत जाऊन आल्या. आभाराचा बोर्ड लावायचा का असं पोरांनी विचारलं तर म्हणल्या बोर्डाला पैसे कुठायत.

सगळ्यात मोठं काम त्यानंतर. हरला तरी खर्चाचा हिशोब निकालानंतर तीस दिवसांच्या आत द्यावा लागतो, नाही दिला तर पुढं निवडणूक लढवायला अपात्र करू शकतात. मर्यादा लाखांत होती, आमचा खर्च त्याच्या आसपास पण फिरकला नव्हता, पण नियम सगळ्यांना सारखा, प्रत्येक गोष्टीची पावती हवी. रिक्षावाल्याची पावती, मंडप नाही तर नाही असं लिहायचं, पत्रकांची छपाई, चहावाल्यानं वहीच्या पानावर लिहून दिलेलं बिल. बुटाच्या खोक्याच्या बेलचं बिल मागितलं तर पोरगा म्हणला, "आमच्या घरची काढून आणलेली, अजून आई ओरडलालीय, लोक कडी वाजवलालेत." ती वस्तुरूपात मिळालेली देणगी म्हणून दाखवायची का नाही ह्यावर गिरणीच्या वर आमची अर्धा तास चर्चा झाली, शेवटी बाजारभावानं किंमत टाकून दाखवली. बेल त्याला परत दिली. खोकं अक्कानं ठेवून घेतलंय, चार वर्षांनी रंग बदलले तर नुसते कागद बदलायचे म्हणल्या. मी म्हणलं पाच वर्षांनी. म्हणल्या, "आपल्याला यादीला एक वर्ष लागतंय की."